‘तुमची सगळी मुलं एकसारखी दिसतात’ असं संपादक म्हणाले तर

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तो थोडक्यात असा: उपयोजित कलेचं शिक्षण झालं, तीन वर्षं मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढताय, आणि गेल्या सहा महिन्यांत तीन ठिकाणी तीन वेगळ्या गोष्टी ऐकून घ्याव्या लागल्या. सध्याच्या पुस्तकाचे रफ, म्हणजे कच्ची रेखाटनं, पाहून संपादक म्हणाले, ‘तुमची सगळी मुलं एकसारखी दिसतात.’ दुसऱ्या प्रकाशनात ऐकलंत, ‘शैली अजून बसलेली नाही, दर पुस्तकात वेगळी वाटते.’ आणि एका ज्येष्ठ चित्रकारांनी पोर्टफोलिओ चाळून बाजूला ठेवला, ‘हे सगळं इन्स्टाग्रामवर पाहिलेलं आहे’ म्हणाले. तेव्हापासून कागद समोर घेतला की हात अडतो. म्हणून तुम्ही विचारताय, शैली बदलू की धरून ठेवू?

मी सव्वीस वर्षं हे काम करते आहे. मुलांची पुस्तकं, पाठ्यपुस्तकं, मासिकं, दिवाळी अंक. हात अडण्याचा काळ मीही काढला आहे, त्यामुळे तुमची अवस्था कळते. पण तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ‘बदला’ किंवा ‘धरून ठेवा’ असं देता येणार नाही, कारण अडचण तिथे नाही. तुम्हाला मिळालेले तीन शेरे तीन वेगळ्या गोष्टींबद्दल आहेत. पहिला चित्रणाबद्दल आहे, दुसरा कामाच्या शिस्तीबद्दल, तिसरा तुम्ही काय आणि कुठे पाहता याबद्दल. तिन्ही ठिकाणी ‘शैली’ हा शब्द तरी आला किंवा तुम्ही तो मनात घातलात, आणि तिन्ही शेरे मिळून ‘मी चुकीची चित्रकार आहे’ असा एकच निकाल तयार झाला. तो निकाल कोणीही दिलेला नाही.

आपल्या व्यवसायात चित्रावर बोलणारे बहुतेक लोक शब्दांतले असतात. संपादक, लेखक, शिक्षक, विक्री बघणारी माणसं. चित्रात काहीतरी खटकतंय हे त्यांना अचूक कळतं, पण काय खटकतंय ते सांगायला त्यांच्याकडे आपली भाषा नसते. मग ‘जिवंत वाटत नाही’, ‘दम नाही’, ‘शैली जमली नाही’ असे शब्द येतात. खटकलं आहे हे खरं मानायचं आणि कारण आपण शोधायचं, ही वाटणी मला फार उशिरा समजली. समजली तो प्रसंग सांगते.

काम सुरू करून चार-पाच वर्षं झाली होती. मी जलरंगात काम करायचे आणि रेषा तपकिरी शाईची, क्रोक्विल नावाच्या टोकदार निबने काढलेली, बारीक. एका पुस्तकाच्या वेळी संपादक म्हणाले, ‘तुमच्या रेषेत दम नाही.’ मला ते इतकं लागलं की पुढचे दोन महिने मी जाड ब्रशने काळीकुट्ट रेषा ओढत बसले. ती माझी नव्हती, हात तिला सरावलेला नव्हता, आणि त्या काळात केलेलं एक पुस्तक मला आजही उघडवत नाही. पुढे वेगळ्याच कामासाठी सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात उभी होते. तिथल्या मशीनवरच्या काकांना माझं आधीचं, ते ‘दम नसलेलं’ पुस्तक दाखवलं. त्यांनी भिंग लावलं आणि मला बघायला सांगितलं. माझी तपकिरी रेषा एका रंगाची नव्हतीच. छपाईत ती निळा, गुलाबी, पिवळा आणि काळा अशा चार शायांच्या ठिपक्यांची झाली होती. प्रत्येक शाईची छपाईची प्लेट वेगळी असते. या चार प्लेटा एकमेकींवर तंतोतंत बसल्या नाहीत, केसभर हलल्या, की बारीक रेषेच्या दोन्ही बाजूंना रंगीत कडा सुटतात आणि ती पुसट दिसते. त्यात कागद मॅपलिथो, शाई शोषणारा, म्हणजे ठिपके आणखी पसरलेले.

संपादक चुकीचं बोलले नव्हते. त्यांच्या हातात आलेल्या छापील पानावर माझ्या रेषेत खरंच दम नव्हता. पण उपाय हात बदलण्यात नव्हता, रेषा आणि रंग वेगळे स्कॅन करून रेषा एकाच शाईत छापण्यात होता. तेव्हापासून मी रेषेची फाइल वेगळी देते आणि ती फक्त काळ्या प्लेटवर जाईल असं बघते. मऊपणा हवा असेल तर रंग मऊ ठेवते. दोन महिने आणि एक पुस्तक गेलं, ते एवढं एक वाक्य विचारलं नाही म्हणून: ‘कुठल्या पानावर तसं वाटतंय, जरा दाखवाल का?’

हे वाक्य पाठ करा. ते उद्धट नाही, बचावाचंही नाही. त्याने बोलणाऱ्याला पानाकडे परत यावं लागतं. दहापैकी नऊ वेळा तरी बोट ठेवताच तक्रार लहान होते. ‘हे मूल रडतंय की हसतंय कळत नाही.’ ‘आजीचा हात फार लांब वाटतो.’ शैलीवरचा शेरा घेऊन काय करायचं कळत नाही, आजीच्या हातावरचा शेरा दुपारपर्यंत दुरुस्त होतो.

आता तुमच्या तीन शेऱ्यांकडे येऊ.

सगळी मुलं एकसारखी दिसण्याचं कारण मी तुमची चित्रं न पाहताही सांगायचं धाडस करते, कारण माझ्या कार्यशाळांत येणाऱ्या दहापैकी सात जणांचं हेच असतं. आपण एक डोकं बसवतो. गोल चेहरा, मध्यरेषेच्या थोडे खाली टिपक्यांचे डोळे, गालावर गुलाबी ठिपका, छोटंसं नाक. ते छान दिसतं, लोकांना आवडतं, हातात बसतं. मग पुस्तकात अकरा मुलं असली की त्याच डोक्यावर अकरा प्रकारचे केस चढवतो. वेगळेपणा केसांत आणि कपड्यांत राहतो, हाडात येत नाही.

एक परीक्षा करून बघा. तुमच्या रफमधली सगळी मुलं पूर्ण काळ्या रंगाने भरा, आतलं काही ठेवू नका. फक्त बाह्याकृतीवरून कोण कोण ते ओळखू येतं का? नाही आलं, तर चेहऱ्यावर कितीही मेहनत केली तरी संपादकांचा शेरा पुन्हा येईल. मग मापांकडे जा. पाच-सहा वर्षांचं मूल साधारण साडेपाच-सहा डोक्यांइतकं उंच असतं, दहा वर्षांचं साडेसहा-सात, मोठा माणूस साडेसातच्या आसपास. तुमच्या पुस्तकातली मुलं एकाच वर्गातली असली तरी त्या वर्गात एखादी उंच वाढलेली, त्यामुळे खांदे पाडून चालणारी मुलगी असते. एखादा जून महिन्यात पुढच्या दोन वर्षांच्या हिशेबाने घेतलेल्या चड्डीत हरवलेला असतो. कोणाचं कपाळ मोठं, कोणाचे कान बाहेर, कोणाचे पुढचे दोन दात पडलेले, म्हणून ओठ आत ओढलेले.

हे सगळं आठवून काढता येत नाही. शाळा सुटायच्या वेळी फाटकासमोर वही घेऊन उभं राहावं लागतं. उभं राहण्याआधी फाटकावरच्या शिपायाला किंवा बाईंना सांगून ठेवा, परक्या माणसाने मुलांकडे बघत थांबलेलं कोणालाही आवडत नाही. चेहरे काढूच नका. मुलं दोन मिनिटंही एका जागी थांबत नाहीत, चेहरे मिळणारही नाहीत. उभं राहणं काढा, दप्तराच्या ओझ्याने पुढे आलेली मान काढा, रिक्षाची वाट बघताना एका पायाने दुसरी पोटरी खाजवणारं मूल काढा. वीस मुलं पाठमोरी काढलीत आणि ती वेगवेगळी झाली, की पुढून काढताना तुमचे टिपक्यांचे डोळे तसेच ठेवा. कोणी तक्रार करणार नाही. तुमची शैली जिथे होती तिथेच राहील, फक्त तिच्या आत माणसं येतील.

दुसरा शेरा, शैली दर पुस्तकात वेगळी वाटते. याबद्दल फार काळजी करू नका, पण एक फरक नीट समजून घ्या. एका पुस्तकाच्या आत सातत्य नसणं हा दोष आहे. पान चारवरची नायिका पान बारावर वेगळी दिसत असेल, तर सहा वर्षांचा वाचक बोट ठेवून विचारतो, ‘ही कोण?’ त्यासाठी काम सुरू करताना प्रत्येक पात्राचा एक तक्ता करा. समोरून, बाजूने, पाठमोरं, बसलेलं, धावताना, चिडलेलं. तो भिंतीवर लावा आणि शेवटच्या पानापर्यंत काढू नका. संगणकावर काम करत असाल तर कुठले ब्रश, कुठले दहा-बारा रंग, रेषेची जाडी किती, हेही त्याच तक्त्यावर लिहा. माझा अनुभव असा, की ‘शैली बसलेली नाही’ असं म्हणणाऱ्या निम्म्या लोकांना खरं तर रंगांची पट्टी पानागणिक बदलल्याचं खटकलेलं असतं.

दोन पुस्तकांमध्ये फरक असणं मात्र दोष नाही. तीन वर्षांत तर नाहीच. व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांच्या १९४९, १९५० आणि १९५१ या वर्षांच्या चित्रमय डायऱ्या पुस्तकरूपात निघाल्या आहेत. मिळाल्या तर जरूर बघा. गोव्यातल्या लोटलीच्या या माणसाने चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलं नव्हतं, पदवी त्यांनी इतिहासाची घेतली. डायऱ्यांत रोजची माणसं आहेत, रोजचे प्रसंग आहेत. पुढे ज्या गर्दीने भरलेल्या चित्रांवरून आपण मारिओंना लांबून ओळखतो, ती गर्दी आणि ती घट्ट विणलेली रेषा तिथे अजून तयार व्हायची आहे. माणसांकडे बघण्याची हौस मात्र पहिल्या पानापासून आहे. मला त्या डायऱ्यांनी धीर दिला, कारण ओळखीची झालेली शैली आपण नेहमी शेवटाकडून बघतो आणि आपल्या तिसऱ्या वर्षाशी तिची तुलना करतो.

व्यंगचित्रकार वसंत सरवट्यांचं उदाहरण मी वेगळ्या कारणासाठी देते. ते व्यवसायाने स्थापत्य अभियंता होते. ‘व्यक्ती आणि वल्ली’तली त्यांची रेखाचित्रं काढून समोर ठेवा आणि फक्त माणसं कशी उभी आहेत ते बघा. चेहऱ्याच्या रेषा मोजक्या आहेत, पण खांदा कुठे झुकलाय, हात खिशात आहे की पाठीमागे, पोट किती पुढे आहे, यावरून माणूस कळतो. आता याच्या शेजारी चित्रकार दीनानाथ दलालांचं ‘दीपावली’ अंकाचं एखादं मुखपृष्ठ ठेवा. रंगांची उधळण, सजावट, लयीत वळणारी बाह्यरेषा. दोघांची कामं एकाच काळातल्या मराठी वाचकाच्या घरात आली. एकाच्या कामावरचा शेरा दुसऱ्याला लावला असता, तर तो पूर्ण निरुपयोगी ठरला असता. दलालांना ‘रेषा कमी करा’ आणि सरवट्यांना ‘रंग वाढवा’ असं सांगून काय साधलं असतं? शेरा देणारा माणूस कुठल्या परंपरेतून बोलतोय हे म्हणून बघावं लागतं. पेंटिंगच्या वर्गातून आलेला माणूस पुस्तकाच्या चित्राला ‘हे डिझाइन झालं’ म्हणतो, तेव्हा तो त्याच्या फूटपट्टीने मोजत असतो. ऐकून घ्यावं, नमस्कार करावा. ती फूटपट्टी घरी न्यायची गरज नाही.

तिसरा शेरा मात्र घरी न्या. ‘हे सगळं इन्स्टाग्रामवर पाहिलेलं आहे.’ तो ज्या तऱ्हेने दिला गेला ते मला आवडलेलं नाही. तीन वर्षं मेहनत करणाऱ्या माणसाचा पोर्टफोलिओ असा बाजूला ठेवू नये. पण तिघांत खोलवर जाणारा शेरा हाच आहे, आणि तुमचा हात याच्यामुळेच अडलाय असा माझा अंदाज आहे.

नक्कल करून शिकण्यात काही वाईट नाही. आपण सगळे तसेच शिकलो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेपासून कोणाच्या तरी चित्रावरून हात वळवतच आलो. अडचण अशी आहे, की स्क्रीनवर आपल्याला दुसऱ्याचे निष्कर्ष मिळतात. त्या चित्रकाराने त्याच्या गावातलं झाड, त्याच्या हिवाळ्यातला उजेड, त्याच्याकडच्या मुलांचे कोट पाहून एक आकार सोपा केला. आपण तो सोपा केलेला आकार उचलतो. मूळ झाड आपण पाहिलेलंच नसतं, त्यामुळे पुढच्या पानावर तेच झाड वादळात वाकलेलं काढायचं असलं की हात थांबतो, आणि आपण पुन्हा स्क्रीनकडे जातो. त्यात ब्रश विकत घेतलेले, तेही सगळ्यांनी तेच. मग जगभरची पुस्तकं एकमेकांसारखी दिसायला लागतात.

यावर मला जो उतारा मिळाला तो एका शिक्षिकेने दिला, आणि तोही टीका म्हणूनच. ज्वारीपासून भाकरीपर्यंतचा प्रवास सांगणारं सोळा पानांचं पुस्तक होतं. काढणीच्या पानावर मी हिरव्या नऊवारीतली बाई काढली होती, एका हातात विळा, दुसऱ्या हातात कणसं, मान किंचित वळवलेली. मला ते पुस्तकातलं सगळ्यात सुंदर पान वाटत होतं. मजकूर तपासायला मंगळवेढ्याकडच्या एक प्राथमिक शिक्षिका होत्या. त्यांनी पान बघितलं आणि म्हणाल्या, ‘ही बाई ज्वारी काढत नाहीये, फोटो काढून घेतेय. आणि आमच्याकडं ज्वारी उपटतात.’ खोलीत पाच माणसं होती. माझे कान तापले. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, की या लोकांना चित्रातलं काही कळत नाही.

दोन दिवसांनी मी त्यांनाच फोन केला. फेब्रुवारी होता, काढणी चालू होती. त्यांनी बोलावलं, मी गेले. आणि तिथे जे पाहिलं ते माझ्या कल्पनेतल्या एकाही चित्रात नव्हतं. काळी जमीन भेगाळलेली. बायकांनी अंगात जुने पूर्ण बाह्यांचे शर्ट घातलेले, डोक्याला घट्ट बांधलेलं फडकं. धाटं दोन्ही हातांनी बुडाशी धरायची, टाचा जमिनीत रोवायच्या आणि सगळं अंग मागे टाकून ओढायचं. मुळं सुटली की शरीर एक क्षण तोल गमावतं आणि लगेच सावरतं. उपटलेली धाटं ओळीने आडवी पडत जातात. मग कणसं मोडणं वेगळं, कडब्याच्या पेंढ्या बांधणं वेगळं. मी दीड दिवस काढत होते. पहिल्या दिवशी सगळी चित्रं खोटी आली, कारण हात जुन्या सवयीने हातापायांपासून सुरुवात करत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी पाठीची एकच वाकडी रेषा ओढायला लागले आणि बाकीचं तिच्यावर टांगायला लागले. ती रेषा बरोबर पडली की बाई ओढत असायची, नाही पडली की उभी असायची.

आज लोक माझं काम माणसांच्या पाठीवरून ओळखतात असं म्हणतात. ती पाठ त्या शेतातली आहे. शैली शोधायला मी गेलेच नव्हते, एका बाईंनी चारचौघांत चूक दाखवली म्हणून गेले होते. म्हणून मी तुम्हाला ‘शैली जपा’ असं सांगू शकत नाही. जी जपून ठेवली होती ती बाई मान वळवून फोटो काढून घेत होती.

एक महिना हे करून बघा. कामासाठी लागणारा एकही संदर्भ दुसऱ्याच्या चित्रातून घ्यायचा नाही. झाड हवं तर खाली जाऊन झाड, एसटी हवी तर स्टँडवर जाऊन एसटी. फोटो चालेल, पण स्वतः काढलेला. चित्रं सुरुवातीला वाईट येतील, आधीच्यापेक्षा कमी देखणी येतील. ती कोणालाही दाखवू नका, वहीतच ठेवा.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. मी वर जे लिहिलं ते वेळ आणि थोडा पैसा हाताशी आहे असं धरून लिहिलं. तो नेहमी नसतो. घरभाडं याच कामावर चालत असेल आणि पंधरा दिवसांत चोवीस पानं द्यायची असतील, तर शेरा पटो न पटो, सांगितलेली दुरुस्ती करून काम द्या. त्यात लाज नाही. पाठ्यपुस्तकाच्या चित्रावर समितीचे अनेक डोळे असतात आणि तिथे अचूकपणा आधी येतो, शैलीला जागा कमी. चित्रपुस्तकात ती सगळ्यात जास्त असते. तिथे तुमचं नाव लेखकाच्या बरोबरीने जातं, म्हणून तिथे वाद घालायचा हक्कही जास्त.

आणि काही शेऱ्यांत रोग खरा असतो पण औषध चुकीचं असतं. कोकणातल्या एका मुलीच्या गोष्टीसाठी मी मुखपृष्ठ केलं होतं. मुलगी सावळी, मागे रात्रीची गडद निळी खाडी. विक्री बघणाऱ्या गृहस्थांचा निरोप आला, ‘मुलीचा रंग उजळ करा, दुकानात उठून दिसत नाही.’ माझा पहिला आवेग काम सोडून द्यायचा होता. सावळ्या मुलीला पुस्तकावर यायला उजळ व्हावं लागतं, हे मी माझ्या हाताने करणार नव्हते, आजही करणार नाही. पण रागाचा दिवस जाऊ दिल्यावर मी मुखपृष्ठ काडेपेटीएवढं लहान करून, काळ्या-पांढऱ्यात भिंतीवर लावलं आणि लांबून बघितलं. उठून दिसत नव्हतं हे खरं होतं. गडदावर गडद बसलं होतं. मी खाडीवर पहाट आणली, मागचा भाग फिकट पिवळा केला, मुलीच्या रंगाला हात लावला नाही. मुखपृष्ठ त्याच दिवशी मंजूर झालं. दुसऱ्या एका प्रकाशकाकडे हाच वाद असा सुटला नाही. तिथे मी काम सोडलं आणि पैसे बुडाले. त्या महिन्यात दुसरं काम हातात होतं म्हणून ते जमलं.

आतापर्यंतचं एकत्र करते, कारण उत्तर लांबलं आहे. शेऱ्याला पानावरची जागा विचारा. खटकणं त्यांचं माना, कारण तुम्ही शोधा. चित्रणाची चूक असेल तर दुरुस्त करा, सातत्याची असेल तर तक्ता करा, पाहण्याची असेल तर बाहेर पडा.

राहिला रोजचा व्यवहार, आणि निम्मी जखम इथेच टाळता येते. शेरे रफवर मागा, पूर्ण झालेल्या चित्रावर नको. पुस्तक मिळालं की मी आधी सगळी पानं एकाच मोठ्या कागदावर, प्रत्येकी दोन-तीन इंचांची काढते आणि तीच दाखवते. तिथे झालेली टीका लागत नाही, कारण त्या चौकोनात अजून माझा जीव गेलेला नसतो. काम घेताना रफवर दोनदा आणि फायनलवर एकदा दुरुस्ती, त्यापुढे वेगळं मानधन, असं मी ईमेलमध्ये लिहून देते. लेखक, संपादक आणि विक्रीवाले तिघे तीन गोष्टी सांगत असतील, तर ‘तुमचं आपसांत ठरवून मला एकच यादी पाठवा’ असं नम्रपणे सांगते. त्यांच्यातला वाद आपल्या चित्रावर सोडवला जाऊ नये. बैठकीत शेरे शब्दशः लिहून घेते, स्वतःच्या शब्दांत नाही, कारण रागात आपले शब्द मूळ शब्दांपेक्षा तिखट होतात. आणि उत्तर दुसऱ्या दिवशी देते.

सध्याच्या पुस्तकाचं काम अजून रफवरच आहे आणि त्यात वर्गाचं एक जोडपान, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांवरचं एकच चित्र, आहे, असं तुम्ही लिहिलंय. तिथूनच सुरू करा. तुमचे संपादक त्या पानावर बोट ठेवतील अशी माझी जवळजवळ खात्री आहे. त्यांना आज एवढंच लिहा: ‘मुलं एकसारखी दिसतात हे तुमचं म्हणणं मला तपासायचं आहे. कुठल्या पानावर सगळ्यात जास्त जाणवतं? मी ते पान नव्याने करून आठ दिवसांत पाठवते.’ मग दोन दुपारी शाळेच्या फाटकाशी जा, घरी येऊन वर्गातली सगळी मुलं काळ्या आकृतींत बसवा, आणि ती वेगळी ओळखू यायला लागली की त्यांना तुमचे टिपक्यांचे डोळे द्या. जुना रफ आणि नवा रफ शेजारी ठेवून पाठवा. खाली काही समजावून लिहू नका.